खासगी टांकसाळ आणि मे महिन्याची सहल

भारतीय विमान कंपन्यांनी अलीकडच्या काळात प्रवाशांची निष्ठा मिळवण्याच्या आपल्या योजनांची नव्याने मांडणी केली आहे. एअर इंडियाने ‘फ्लाइंग रिटर्न्स’ ही आपली जुनी योजना एप्रिल २०२४ मध्ये मुळापासून बदलली आणि २०२५ मध्ये तिचे ‘महाराजा क्लब’ असे नामकरण केले. १२ नोव्हेंबर २०२४ रोजी विस्तारा ही कंपनी एअर इंडियात विलीन झाली, तेव्हा तिच्या प्रवाशांनी साठवलेले पॉइंटही नव्या खातेवहीत वर्ग झाले. २००६ पासून उड्डाणे करणाऱ्या इंडिगोला अठरा वर्षे स्वतःच्या सर्वंकष योजनेची गरज भासली नव्हती. तिनेही २०२४ मध्ये ‘ब्लूचिप’ सुरू केली. बँकांची क्रेडिट कार्डे या योजनांना जोडली गेलेली आहेतच. साहजिकच मध्यमवर्गीय कुटुंबापुढे आता एक नवे आमिष, किंवा सौम्य शब्दांत सांगायचे तर एक नवा सल्ला, सतत मांडला जातो. किराणा, विजेचे बिल, मुलांची फी हा सारा खर्च कार्डावर करा, पॉइंट साठवा आणि मे महिन्यात चौघांनी विमानाने फिरून या. तिकिटाला पैसे पडणार नाहीत, असा तो सल्ला आहे.

हा सल्ला सर्वस्वी खोटा असता तर त्याची दखल घेण्याचे कारण नव्हते. पॉइंटांवर मिळालेल्या तिकिटावर सिमला किंवा सिंगापूर पाहून आलेली कुटुंबे आहेत आणि त्यांचा आनंद खरा आहे. प्रश्न एवढाच आहे की हा आनंद कोणाच्या वाट्याला येतो, त्याचे पैसे कोण भरतो आणि ज्याला वर्षातून एकदाच, तेही शाळेच्या सुट्टीत, घराबाहेर पडता येते अशा शिक्षकाच्या किंवा कारकुनाच्या कुटुंबाला या व्यवहारातून नक्की किती मिळते.

निष्ठेचा उगम

या योजनांचा जन्म अमेरिकेतला, आणि तो कोणत्या परिस्थितीत झाला हे लक्षात घेतल्याखेरीज त्यांचे खरे स्वरूप ध्यानात येत नाही. १९७८ पर्यंत अमेरिकेतील आंतरराज्य विमानप्रवासाची भाडी आणि मार्ग सिव्हिल एरोनॉटिक्स बोर्ड हे सरकारी मंडळ ठरवीत असे. कॉर्नेल विद्यापीठातील अर्थशास्त्राचे प्राध्यापक आल्फ्रेड कान १९७७ मध्ये या मंडळाचे अध्यक्ष झाले आणि स्वतःच्याच मंडळाचे अधिकार संपवण्याचा खटाटोप त्यांनी आरंभला. ऑक्टोबर १९७८ मध्ये अध्यक्ष कार्टर यांनी विनियंत्रणाच्या कायद्यावर सही केली आणि भाडी मोकळी झाली. स्वस्त तिकिटे घेऊन नव्या कंपन्या बाजारात उतरल्या. जुन्या बड्या कंपन्यांपुढे मोठाच पेच उभा राहिला. आसन तसेच, अंतर तेच, वेळही जवळपास तीच. मग गिऱ्हाइकाने स्वस्तातले तिकीट का घेऊ नये? १ मे १९८१ रोजी अमेरिकन एअरलाइन्सने ‘अ‍ॅडव्हान्टेज’ ही योजना जाहीर करून या पेचावर तोड काढली. आरक्षणासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘सेबर’ या संगणक-व्यवस्थेत प्रवाशांच्या नोंदी होत्याच. त्यांच्या आधारे नेहमीचे प्रवासी हेरून, ते किती मैल उडतात त्या हिशेबाने त्यांना मोफत प्रवासाचे बक्षीस देऊ केले गेले. काही दिवसांतच युनायटेडने आपली योजना आणली आणि पाहता पाहता सर्वच मोठ्या कंपन्या त्या वाटेने गेल्या.

दुकानदाराने गिऱ्हाइकाला बांधून ठेवण्याची युक्ती काही नवी नव्हती. अमेरिकेतच स्पेरी अँड हचिन्सन या कंपनीचे हिरवे स्टँप १८९६ पासून दुकानांतून वाटले जात. ते वहीत चिकटवायचे आणि वही भरली की भांडी किंवा दिवा घेऊन यायचा. विमान कंपन्यांच्या योजनेत मात्र एक निराळी गोम होती. त्या काळी वारंवार उडणारा माणूस बहुतेक वेळा स्वतःच्या पैशाने उडत नसे. तिकिटाचे पैसे त्याची कंपनी देई आणि बक्षीस त्याच्या स्वतःच्या नावावर जमा होई. असा प्रवासी स्वस्त तिकीट शोधण्याचा उत्साह दाखवील, ही अपेक्षाच व्यर्थ होती. ज्या स्पर्धेसाठी कान यांनी मंडळ मोडीत काढले, तिचीच धार या योजनेने बोथट केली. धन्याने पैसे द्यायचे आणि नोकराने सपत्नीक हवाईला जाऊन यायचे, अशी ही व्यवस्था होती. अमेरिकेच्या प्राप्तिकर खात्याने तर २००२ मध्ये, कामानिमित्तच्या प्रवासातून मिळालेले मैल खासगी प्रवासासाठी वापरले तरी त्यावर कर वसूल करण्याचा आग्रह धरणार नाही, असे जाहीर करून टाकले.

त्याच वर्षी जर्मनीत मात्र या प्रश्नाने राजकीय वादळ उठवले. सरकारी खर्चाने केलेल्या प्रवासात जमलेले मैल लोकप्रतिनिधींनी खासगी प्रवासासाठी वापरल्याचे उघडकीस आले. ग्रीन पक्षाचे चेम ओझ्डेमिर यांना माघार घ्यावी लागली आणि बर्लिन राज्याचे मंत्री ग्रेगोर गिझी यांनी पदाचा राजीनामा दिला. गिझी यांच्याकडे अर्थव्यवहाराचे (वित्ताचे नव्हे) खाते होते, हा योगायोग मासलेवाईकच म्हणावा लागेल.

भारत सरकारने या बाबतीत घेतलेली भूमिका जर्मन लोकमताच्या जवळची आहे. केंद्रीय अर्थ मंत्रालयाच्या खर्च विभागाने जुलै २०१७ मध्ये काढलेल्या प्रवास भत्त्याच्या आदेशात, सरकारी कामाच्या तिकिटांवर मिळालेले पॉइंट त्या त्या खात्याने सरकारी प्रवासासाठीच वापरावेत आणि अधिकाऱ्याने ते खासगी प्रवासाला वापरल्यास त्याच्यावर खात्यामार्फत कारवाई होईल, असे बजावले आहे. तत्त्वतः हे योग्यच आहे. परंतु त्याचा अर्थ असा की खासगी कंपनीतील व्यवस्थापकाला कामाच्या दौऱ्यांतून कौटुंबिक सहलीचे तिकीट सहज मिळते, आणि सरकारी नोकराला ते मिळवायचे तर स्वतःच्या खिशातून उडावे लागते. शाळा-महाविद्यालयांतील शिक्षकाचा तर दौऱ्याशी संबंधच नाही. परीक्षेच्या कामासाठी त्याला फार तर एस. टी.चे भाडे मिळते.

मैलांचा बाजार

मैल हे विमानात बसूनच मिळवायचे असते, तर ही हकीकत येथेच संपली असती. १९८७ मध्ये सिटीबँकेने अमेरिकन एअरलाइन्सच्या योजनेशी जोडलेले क्रेडिट कार्ड काढले आणि चित्र पालटले. कार्डावर खर्च केलेल्या प्रत्येक डॉलरमागे ग्राहकाला मैल मिळू लागले आणि ते मैल बँक विमान कंपनीकडून रोख पैसे मोजून विकत घेऊ लागली. अशा रीतीने विमान कंपनी हळूहळू टांकसाळ बनली. कागदही न लागणारे चलन ती पाडू लागली, बँकांना विकू लागली आणि त्याच्या मोबदल्यात द्यायचे काय, तर जे आसन बहुधा रिकामेच गेले असते ते.

या टांकसाळीचा पसारा किती वाढला याची कल्पना काही आकड्यांवरून येईल. जगभर साठून राहिलेल्या मैलांची किंमत ७०० अब्ज डॉलरहून अधिक असून चलनात असलेल्या डॉलरच्या नोटांनाही तिने मागे टाकले आहे, असा अंदाज लंडनच्या ‘इकॉनॉमिस्ट’ने २००५ मध्ये वर्तवला होता. २०२० मध्ये महामारीने विमाने जमिनीवर आणली, तेव्हा युनायटेडने विमानांऐवजी आपली मैलांची योजना तारण ठेवून सुमारे ६.८ अब्ज डॉलरचे कर्ज उभे केले. त्या वेळी या योजनेचे जे मूल्य धरण्यात आले, ते कंपनीच्या सर्व समभागांच्या तेव्हाच्या बाजारभावापेक्षा जास्त होते. म्हणजे ज्या विमानांमुळे मैलांना अर्थ आहे ती विमाने, वैमानिक आणि मार्ग यांचे बाजाराच्या लेखी मोल जवळजवळ शून्याखाली गेले होते! डेल्टाने सप्टेंबर २०२० मध्ये याच मार्गाने ९ अब्ज आणि अमेरिकन एअरलाइन्सने मार्च २०२१ मध्ये १० अब्ज डॉलर उभारले. डेल्टाला अमेरिकन एक्सप्रेस या एका कार्ड कंपनीकडून २०२३ या एका वर्षात सुमारे ६.८ अब्ज डॉलर मिळाले.

एवढा पैसा येतो कोठून? बँक धर्मादाय संस्था नव्हे. ग्राहकाने कार्ड वापरले की दुकानदाराला मिळणाऱ्या रकमेतून काही टक्के कापले जातात. या कपातीतून बक्षिसांचा बराचसा खर्च निघतो. दुकानदार ती कपात अर्थातच मालाच्या किमतीत मिसळतो आणि किंमत सर्वांना सारखीच असते. रोख पैसे देणारा गिऱ्हाईकही ती भरतो, मात्र त्याला मैल मिळत नाहीत. बॉस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतील अर्थशास्त्रज्ञांनी २०१० मध्ये या हस्तांतराचे मोजमाप केले. रोखीने व्यवहार करणारे सरासरी अमेरिकन कुटुंब वर्षाला १४९ डॉलर अप्रत्यक्षपणे कार्डवाल्यांना देते आणि कार्ड वापरणाऱ्या सरासरी कुटुंबाच्या पदरात १,१३३ डॉलर पडतात, असा त्यांचा निष्कर्ष होता. अमेरिकेत रोखीने व्यवहार करणारा बहुधा गरीब असतो. तेव्हा एखाद्या डॉक्टर कुटुंबाच्या फ्लॉरिडाच्या सहलीत पेट्रोल पंपावरच्या मजुराचाही वाटा असतो, असे म्हटले तर ती अतिशयोक्ती ठरणार नाही.

बक्षिसांच्या खर्चाचा दुसरा मोठा आधार म्हणजे थकबाकीवरील व्याज. जो महिन्याचे बिल पूर्ण भरू शकत नाही तो, जो भरू शकतो त्याच्या सहलीला हातभार लावतो. भारतात फेब्रुवारी २०२४ मध्ये क्रेडिट कार्डांच्या संख्येने दहा कोटींचा टप्पा ओलांडला. कार्डाच्या थकबाकीवर दरमहा तीन ते साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ३६ ते ४२ टक्के व्याज आकारले जाणे ही येथे नवलाची गोष्ट नाही. सावकारी पाशाबद्दल या महाराष्ट्रात शंभरावर वर्षे लिहिले-बोलले गेले आहे. पण त्या सावकाराने कधी काश्मीरच्या सहलीचे कूपन दिल्याचे ऐकिवात नाही.

भारतात एक गोष्ट मात्र वेगळी घडली. बँक खात्यातून थेट पैसे देण्याच्या यूपीआय पद्धतीवर व्यापाऱ्याकडून घेतले जाणारे शुल्क १ जानेवारी २०२० पासून शून्य करण्यात आले. त्यामुळे भाजीवाल्याला किंवा रिक्षावाल्याला दिलेल्या पैशांतून बक्षिसासाठी काही कापले जात नाही, आणि म्हणूनच त्यावर पॉइंटही नाहीत. सर्वसामान्य कुटुंबाचा दैनंदिन खर्च ज्या मार्गाने अधिकाधिक होऊ लागला आहे, तो मार्ग पॉइंटांच्या गावाला जात नाही. समाजाच्या दृष्टीने ही इष्टापत्तीच होय. अमेरिकेतील रोख आणि कार्ड यांच्यातली ती अदृश्य वर्गणी येथे तेवढ्या प्रमाणात तरी टळली.

चार माणसांचा हिशेब

आता कुटुंबाच्या बाजूने आकडेमोड करून पाहू. समजा, एका घरातला महिन्याचा तीस हजार रुपयांचा खर्च कार्डावर होतो. दर शंभर रुपयांस दोन पॉइंट मिळतात आणि तिकीट घेताना एका पॉइंटची किंमत पन्नास पैसे पडते, असे धरू. कार्डागणिक हे दर बदलतात. येथे धरलेले दर हिशेबापुरते आहेत. वर्षाचा खर्च ३,६०,००० रुपये, पॉइंट ७,२०० आणि त्यांची किंमत ३,६०० रुपये होते. चौघांच्या जाण्या-येण्याच्या तिकिटांना मे महिन्यात साठ हजार रुपये पडत असतील, तर वर्षभराच्या काटेकोर साठवणुकीतून तिकिटाचा सोळा-सतराव्वा हिस्सा भरून निघाला. कार्डाची वार्षिक वर्गणी यातून वजा करायची आहे. साडेतीन टक्के व्याजाने तीस हजारांची थकबाकी एक महिना राहिली तर १,०५० रुपये व्याज आणि त्यावर अठरा टक्क्यांनी १८९ रुपये वस्तू व सेवा कर, असे १,२३९ रुपये जातात. वर्षातून तीन महिने अशी ओढाताण झाली की ३,७१७ रुपये गेले; वर्षाची सारी कमाई धुऊन निघाली आणि वर पदरमोड झाली. शिवाय पॉइंट मिळतात म्हणून जी खरेदी एरवी झालीच नसती ती होते, तिचा हिशेब कोणत्याच वहीत लिहिला जात नाही.

याउलट काही चतुर माणसे या व्यवस्थेतून खरोखरच मोठा लाभ उठवतात. १९९९ मध्ये कॅलिफोर्नियातील एका अभियंत्याच्या लक्षात आले की एका खाद्यपदार्थ कंपनीने वेष्टनांच्या बदल्यात देऊ केलेल्या मैलांची किंमत त्या पदार्थाच्या किमतीहून जास्त आहे. त्याने सुमारे ३,१४० डॉलरची पुडिंगची १२,१५० पाकिटे विकत घेतली आणि साडेबारा लाख मैल मिळवले. वेष्टने सोलण्याचे काम एका धर्मादाय संस्थेच्या स्वयंसेवकांनी केले आणि पुडिंग त्या संस्थेलाच दान दिले गेले. ही गोष्ट आजही कौतुकाने सांगितली जाते, तीही जणू कोणालाही असे करता येईल अशा थाटात. वस्तुतः ती एका कंपनीच्या हिशेबातली चूक होती. अशा चुका पुन्हा होऊ नयेत यासाठी आता पगारी माणसे आणि संगणक नेमलेले आहेत.

सुट्टीचे आसन

परंतु कुटुंबाच्या दृष्टीने खरी अडचण पॉइंटांच्या संख्येपेक्षा त्यांच्या वापराच्या वेळेची आहे. विमान कंपनी बक्षीस म्हणून जे आसन देते, ते तिला विकता येण्याजोगे नसेल तेव्हाच तिला स्वस्तात पडते. फेब्रुवारीतल्या मंगळवारी दुपारी आसने रिकामी असतात; मे महिन्यातल्या शनिवारी सकाळी नसतात. शाळांच्या सुट्ट्या मात्र मे महिन्यात, दिवाळीत आणि नाताळातच येतात. शिक्षकाचे कुटुंब तर दोन्हीकडून बांधलेले. मुलांना सुट्टी असते तेव्हाच त्यालाही असते आणि इतर वेळी रजा मागणे म्हणजे वर्ग बुडवणे. थोडक्यात, पॉइंट स्वस्त पडतात ते ज्याचा वेळ मोकळा आहे त्याला. निवृत्त दांपत्य, एकटा तरुण, घरून काम करणारा सल्लागार यांना ते उपयोगी पडतात. चार आसने एकाच विमानात, एकाच दिवशी आणि सुट्टीतच हवी असणाऱ्याला ते सर्वांत कमी उपयोगी, आणि जाहिरातीतले चित्र मात्र नेमके अशाच कुटुंबाचे असते.

या प्रश्नावर अमेरिकेचे सर्वोच्च न्यायालय फार पूर्वी विचार करून चुकले आहे. अमेरिकन एअरलाइन्सने १९८८ मध्ये आपल्या योजनेत बदल करून बक्षिसाच्या आसनांची संख्या मर्यादित केली आणि काही तारखा पूर्णतः वगळल्या. हे निर्बंध आधीच कमावलेल्या मैलांनाही लागू केले म्हणून इलिनॉयमधील सदस्य न्यायालयात गेले. जानेवारी १९९५ च्या वोलेन्स खटल्यात निकाल लागला तो असा, की विनियंत्रणाच्या १९७८ च्या कायद्यामुळे राज्याच्या ग्राहक-फसवणूक कायद्याखाली विमान कंपनीवर दावा चालणार नाही. करारभंगाचा दावा मात्र चालेल. ग्राहकाच्या पदरात निम्मे दान पडले. पुढे २०१४ मध्ये नॉर्थवेस्ट कंपनीविरुद्धच्या खटल्यात तेही आणखी आकसले. वारंवार तक्रारी करतो म्हणून एका सदस्याचे उच्च श्रेणीचे सदस्यत्व कंपनीने काढून घेतले होते. योजनेच्या नियमांनी सदस्यत्वाचा निर्णय कंपनीच्या मर्जीवर सोपवला आहे. सद्हेतूने वागण्याचे गर्भित बंधन तिच्यावर राज्याच्या कायद्याने लादता येणार नाही, असे न्यायालयाने एकमताने ठरवले.

दरम्यान नियम बदलतच राहिले. डेल्टा आणि युनायटेडने २०१५ मध्ये आणि अमेरिकन एअरलाइन्सने २०१६ मध्ये, उडलेल्या अंतराऐवजी तिकिटाला मोजलेल्या पैशांवर मैल देण्यास सुरुवात केली. महागडे तिकीट घेणाऱ्याचे मैल वाढले. आगाऊ आरक्षण करून स्वस्तात दूर जाणाऱ्या कुटुंबाचे घटले. कोणत्या प्रवासाला किती मैल लागतील याचे छापील तक्तेही हळूहळू मागे पडले आणि मागणी वाढली की लागणारे मैलही वाढू लागले. एअर इंडियाने २०२४ मध्ये याच पद्धतीचा, म्हणजे खर्चानुसार पॉइंट देण्याचा, मार्ग पत्करला. सरकारने चलनाचे अवमूल्यन केले तर संसदेत गदारोळ होतो, वृत्तपत्रांतून अग्रलेख येतात. १९६६ च्या रुपयाच्या अवमूल्यनाची चर्चा अद्याप संपलेली नाही. विमान कंपनीने पॉइंटाचे अवमूल्यन केले तर सदस्याला, फार तर, एक पत्र येते.

आणि टांकसाळच बुडाली तर? किंगफिशरची विमाने ऑक्टोबर २०१२ मध्ये थांबली. त्या कंपनीवर निष्ठा ठेवणाऱ्यांना उडायला विमानच उरले नाही. जेट एअरवेजची कथा अधिक गुंतागुंतीची. ‘जेट प्रिव्हिलेज’ ही तिची योजना वेगळ्या कंपनीत घालून त्या कंपनीचे ५०.१ टक्के समभाग २०१४ मध्ये एतिहादला विकलेले होते. त्यामुळे १७ एप्रिल २०१९ रोजी जेटची उड्डाणे थांबली तरी सदस्यांचे पॉइंट कागदोपत्री शिल्लक राहिले. नोव्हेंबर २०१९ मध्ये योजनेचे ‘इंटरमाइल्स’ असे नामांतरही झाले. परंतु ज्या विमानातून जायचे म्हणून मुंबईतल्या असंख्य घरांनी वर्षानुवर्षे ही पुंजी जमवली होती, ते विमान पुन्हा उडाले नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनी अवसायनात काढण्याचा आदेश दिला. बँकेतली ठेव बुडाली तर पाच लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण असते. पॉइंटांना तसे काही नाही, कारण कायद्याच्या दृष्टीने ती ठेवच नव्हे.

ज्यांना उपयोग होतो

एवढे सांगितल्यावर या योजनांचा ज्यांना खरा उपयोग होतो त्यांचाही उल्लेख केला पाहिजे. अमेरिकेत स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांना मायदेशीची फेरी हा वर्षातला मोठाच खर्च असतो. कामासाठी सतत दौरे करणाऱ्या मुलाच्या खात्यावर मैल साठतात आणि त्या मैलांवर पुण्याची किंवा सांगलीची आई लेकी-सुनेच्या बाळंतपणाला न्यू जर्सीला जाते, वडील निवृत्तीनंतर प्रथमच समुद्र ओलांडतात. दोन पिढ्यांमधले अंतर या मैलांनी कमी केले, हे नाकारण्यात अर्थ नाही. अशा प्रवासाची तारीख आधी ठरवता येते, तिकीट महाग असते, आणि मैल दुसऱ्याच्या पैशातून जमलेले असतात. तिन्ही गोष्टी जुळून येतात. ब्रिटिश एअरवेजसारख्या काही कंपन्यांनी एका घरातल्या माणसांचे पॉइंट एकत्र करण्याची सोयही ठेवली आहे. चार खात्यांत विखुरलेले आणि कोणत्याच तिकिटाला पुरे न पडणारे पॉइंट त्यामुळे कामी येतात.

भारतातल्या पगारदार कुटुंबालाही, मर्यादा ओळखून वागल्यास, थोडा लाभ होऊ शकतो. जो खर्च करायचाच आहे तेवढाच कार्डावर करावा आणि महिनाअखेर पूर्ण बिल भरावे. जमलेले पॉइंट मोठ्या सहलीसाठी वर्षानुवर्षे साठवत न बसता लवकर वापरून मोकळे व्हावे, कारण अवमूल्यन होणारे चलन साठवून ठेवणे हे कोणत्याही अर्थशास्त्रात बसत नाही. ‘मोफत’ तिकिटावरही कर आणि विमानतळाची शुल्के बहुधा भरावी लागतात. तेव्हा रोखीच्या भाड्यातून ती रक्कम वजा करून उरलेल्या रकमेला मागितलेल्या पॉइंटांनी भागून पाहावे. पॉइंट किती पैशांना जातो ते लगेच कळते. सुट्टीच्या गर्दीत चौघांची तिकिटे मिळतच नसतील, तर दोघांची पॉइंटांवर आणि दोघांची रोखीने घेण्यात काहीच कमीपणा नाही. आणि रेल्वेने जाणे पॉइंटांसाठी टाळण्यात तर शहाणपण मुळीच नाही.

रेल्वेचा विषय निघाला म्हणून एक तुलना करणे अप्रस्तुत ठरू नये. ज्येष्ठ नागरिकांना रेल्वेच्या भाड्यात पुरुषांसाठी ४० आणि स्त्रियांसाठी ५० टक्के सवलत मिळत असे. मार्च २०२० मध्ये ती थांबवण्यात आली. त्या सवलतीसाठी कोणाला कोणावर निष्ठा ठेवावी लागत नव्हती. वय सांगितले की पुरे. सुवर्ण श्रेणी, रौप्य श्रेणी असा भेद नव्हता, मुदत संपत नव्हती, मे महिन्यात ती नाहीशी होत नव्हती. सार्वजनिक सवलत आकसते आणि तिची जागा खासगी बक्षीस घेते, तेव्हा प्रवासाचा हक्क गिऱ्हाइकाच्या खर्च करण्याच्या ऐपतीवर मोजला जाऊ लागतो. या स्थित्यंतराची चर्चा आपल्याकडे व्हावी तितकी झालेली नाही.

नियमनाच्या बाबतीतही तसेच आहे. अमेरिकेच्या परिवहन खात्याने सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकन, डेल्टा, साउथवेस्ट आणि युनायटेड या चार कंपन्यांच्या योजनांची चौकशी हाती घेऊन अवमूल्यन, छुपी शुल्के आणि बदलत्या दरांसंबंधी माहिती मागवली. भारतात नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनी विलंब, रद्द झालेली उड्डाणे आणि नाकारलेला प्रवेश यांबाबत प्रवाशाला काही हक्क दिले आहेत, पण त्यांचा भर तिकिटावर आहे. साठवलेल्या पॉइंटाच्या मोलापर्यंत ते पोहोचत नाहीत. रिझर्व्ह बँक कार्डावर लक्ष ठेवते, विमान कंपनीच्या खातेवहीवर नाही. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने ‘अन्याय्य करार’ ही संकल्पना प्रथमच आणली आणि अशा करारांविरुद्ध राज्य आयोगाकडे दाद मागण्याची सोय केली. ‘कोणताही नियम केव्हाही बदलण्याचा अधिकार कंपनीला राहील’ या वाक्याची कसोटी या कायद्यावर लागायला हवी.

त्यासाठी फार मोठ्या यंत्रणेची आवश्यकता नाही. पॉइंटांच्या दरात बदल करण्यापूर्वी सहा महिन्यांची सूचना द्यावी आणि सूचनेच्या तारखेपर्यंत जमलेले पॉइंट जुन्या दराने वापरू द्यावेत. कंपनी दुसऱ्या कंपनीत विलीन झाली किंवा बंद पडली तर सदस्यांच्या पॉइंटांचे काय होणार, हे सदस्य करून घेतानाच लिहून द्यावे. आणि प्रत्येक कंपनीने मे, दिवाळी आणि नाताळ या तीन हंगामांत पॉइंटांवर किती आसने दिली, कोणत्या मार्गांवर दिली आणि त्यांसाठी सरासरी किती पॉइंट घेतले, हे दरवर्षी प्रसिद्ध करावे. ही आकडेवारी नव्याने गोळा करावी लागणार नाही. ती कंपन्यांच्या संगणकात आहेच.